शब्दकोशाचा अलिबाय

१

“बाई, उद्यापण यायचंय हां तुम्हाला. सफूरापण येतेय.” मस्कतजवळच्या माबेल्याच्या गल्लीतून व्हॅन मोठ्या रस्त्याला लावता लावता बदरुद्दीननं सांगून टाकलं.

“उद्या? अहो, क्लास सोमवार-बुधवार असतो. उद्या गुरुवारी काय आहे?”

“असंच,” म्हणून तो मिशीतल्या मिशीत हसला. बदरुद्दीन राजापूरकडचा. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, ही त्याची बायको सफूरा हिची जुनी तक्रार. असा माणूस गप्प बसला म्हणजे काहीतरी शिजतंय, हे सुगंधाबाईंनी ओळखलं. पण विचारायच्या आधीच त्यांचं नाक वाकडं झालं.

“हा वास कसला हो? गाडीत कुणी धूप घातला की काय?”

“तो मागचा खोका, बाई. कृष्णकांतसाहेबांचा. सुट्टीवर चाललेत ना, कार्गोवाल्याकडे टाकायचाय रुवीला. रात्रीच ठेवला त्यांनी गाडीत. लुबान भरला असेल, इथला धूप, घरच्यांसाठी, सगळेच नेतात.”

बाईंनी मागे वळून पाहिलं. दोरखंडानं करकचून बांधलेला खोका, वर मोठ्या अक्षरांत नाव आणि ठाण्याचा पत्ता. आखातातून घरी जाणाऱ्या कुठल्याही माणसाचा असतो तसाच. त्यांनी काच खाली केली, तर जूनच्या गरम वाऱ्यानं थोबाडीत मारली, म्हणून पुन्हा वर केली.

सुगंधा खांबेटे मूळच्या रत्नागिरीच्या, तिथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या. नवरा धनंजय सोहारच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, तो घरी उगवायचा आठवड्याच्या शेवटी. आठवडाभर भिंतींशी काय बोलायचं? म्हणून त्यांनी बरक्याच्या समुद्रकाठच्या एका छोट्या रिसॉर्टमधल्या थाई मुलींना इंग्रजी शिकवायला घेतलं होतं. मुली मालिशच्या कामात एकदम तरबेज, पण पाहुण्यानं दोन प्रश्न विचारले की त्यांना घाम फुटायचा. आणि बाईंची शिकवायची तऱ्हाच न्यारी. शब्द एकटा शिकवायचाच नाही, त्याचं सगळं खानदान समोर उभं करायचं. ‘शब्द एकटा आला की पाहुण्यासारखा निघून जातो, कुटुंबासकट आला की मुक्कामाला राहतो,’ असं त्यांचं म्हणणं. या कामाला त्यांच्याकडे एकच हत्यार होतं, शब्दांची मुळं सांगणारा जाडजूड निळा शब्दकोश. पुठ्ठा निसटलेला, पानं सुटलेली, पण बाईंचा जीव त्यात.

बाईंना रिसॉर्टच्या फाटकाशी उतरवून व्हॅन लाँड्रीकडे वळली मात्र, नोई धावत आली. नोई ही त्यांची सगळ्यात बडबडी विद्यार्थिनी. आज तिचे डोळे रडून सुजले होते.

“ख्रू! ख्रू!” ती हुंदका देत म्हणाली. ख्रू म्हणजे बाई, शिक्षिका. “सुदा चोर म्हणतात! सुदाला आज रात्री विमान!”

२

बाई आधी धावल्या त्या वर्गाच्या खोलीत, पर्स ठेवायला. कपाट उघडलं आणि त्या जागीच थिजल्या. शब्दकोश नव्हता. कपाटाचा वरचा कप्पा रिकामा, स्वच्छ पुसलेला.

“हे काय नवीन!” असं पुटपुटत त्या स्वागतकक्षात गेल्या.

तिथं मालकीणबाई सफियामॅडम उभ्या होत्या. ओमानी बाई, उंच, शांत, हिंदी आपल्यापेक्षा बरी बोलणारी. आवाज चढवणं त्यांना ठाऊक नव्हतं आणि म्हणूनच सगळे त्यांना वचकून असायचे. शेजारी कृष्णकांत, रिसॉर्टचा मॅनेजर, इस्त्रीचा शर्ट आणि जिभेवर लोणी. पलीकडे प्रताप, मागच्या मळ्याचं बघणारा, हातात सुकलेली वांग्याची फांदी घेऊन. आणि मध्ये खुर्चीच्या कडेला टेकलेली बाईंची विद्यार्थिनी सुदा, मान खाली.

“टीचर, तुम्ही आलात ते बरं झालं,” सफियामॅडम म्हणाल्या. “माझ्या आईचं धुपाटणं गेलं. चांदीचं. काल दुपारी मी स्वतः त्यात लुबान जाळला होता. सकाळी जागा रिकामी.”

“आणि माझी फुलं,” प्रताप म्हणाला. “सावलीच्या नेटखालच्या वांग्यांची सगळी फुलं खुडली कुणीतरी. वर हिरवळीतलं गवत उपटलं ते वेगळंच.”

“फुलं आणि गवत?” बाईंना हसू आवरेना. “चोर म्हणायचा की शेळी?”

सफियामॅडमचा चेहरा आणखी गंभीर झाला. “टीचर, फुलं, गवत, धूप. लोक याला काय म्हणतात माहीत आहे? करणी. माझा विश्वास असो-नसो, पाहुण्यांच्या कानावर गेलं तर हे दार बंद झालं म्हणून समजा.”

“प्रतापनं सुदाला काल मळ्यात पाहिलंय,” कृष्णकांत मऊ आवाजात म्हणाला. “आणि मीही तिला पाहिलं, संध्याकाळी मगरिबच्या अजाननंतर, तिच्या खोलीत काहीतरी करताना. मला कुणाचं वाईट करायचं नाही हो. पण पाहिलं ते पाहिलं.”

बाईंच्या तोंडून निघून गेलं, “अरे देवा, म्हणजे माझा शब्दकोशही? तोही कपाटात नाहीये!”

कृष्णकांतनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

“तेच ते! ते तुमचंच पुस्तक, मॅडम! मी म्हटलं, हे निळं जाडं काय आहे? जमिनीवर पुस्तक ठेवलेलं, त्याच्यावर धुपाटणं, भोवती फुलं आणि गवत मांडलेलं, आणि ही वाकून वाकून पाया पडतेय. काचेतून स्पष्ट दिसलं. माझ्या तर अंगावर काटाच आला!”

सगळ्यांच्या माना सुदाकडे वळल्या. तिनं मान वर केली, हात जोडले आणि मोडक्या इंग्रजीत ती म्हणाली, “गुरुवार, मॅडम. प्लीज. गुरुवार.”

“बघा,” कृष्णकांत हळूच म्हणाला, “सकाळपासून हेच चाललंय. गुरुवारी हिला काहीतरी करायचं आहे.”

सफियामॅडमनी डोळे मिटून घेतले. “पोलिसात मी देणार नाही. रात्रीचं तिकीट आहे. यल्ला, सामान भरायला सांगा.”

चोर म्हणून परत गेलेल्या मुलीला पुढं कुठलं रिसॉर्ट दारात उभं करणार? हिच्या कमाईवर गावाकडे आई आणि लहानगा मुलगा जगतात, हे त्यांना माहीत होतं. ‘माय सन’ हे सुदानं या क्लासात लिहिलेले पहिले शब्द.

“मॅडम, मला दुपारपर्यंत वेळ द्या,” बाई म्हणाल्या. “माझीही वस्तू गेलीय. एवढा हक्क मला आहे की नाही?”

सफियामॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. “जोहरच्या नमाजापर्यंत. त्यानंतर खलास.”

३

बाईंनी पहिल्यांदा प्रतापला गाठलं. तो नेटखाली वांग्यांसमोर सुतकी चेहऱ्यानं उभा होता.

“काय सांगू बाई, या उन्हात फूल धरायला जीव जातो माझा. आणि कुणीतरी येऊन सगळी खुडून नेली!”

“वांगी नेली का?”

“एक नाही. हात लावलेला नाही वांग्यांना.”

“आणि फुलं ओरबाडून नेलीत, की नीट?”

प्रतापनं विचार केला. “नीट. देठासकट. एक फांदी मोडली तेवढीच. गवताचं तर विचारूच नका. एवढी हिरवळ पडलीय, पण घेतलंय काय? कोवळे कोवळे शेंडे. बसून निवडलंय.”

बाई हिरवळीकडे गेल्या, पदर सावरून खाली वाकल्या आणि खुडलेल्या जागेवरून त्यांनी हात फिरवला. आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, या तर दूर्वा! रत्नागिरीत लहानपणी गणपतीच्या दिवसांत सकाळी उठून अशाच तर निवडायच्या, कोवळ्या, तीन पात्यांच्या, शेंड्यासकट. करणी करणारा कशाला बसून दूर्वा निवडेल? हे काम पूजेच्या हातांचं होतं.

पण कुणाच्या पूजेचं? बाई तिथंच उन्हात उभ्या राहिल्या आणि एक एक वर्ग आठवायला लागल्या.

गेल्या आठवड्यात त्यांनी फळ्यावर एक खानदान मांडलं होतं. ‘मुलींनो, तुमचा ख्रू हा आमचा गुरू. आमच्या संस्कृतात गुरू म्हणजे आधी जड, वजनदार. तेच मूळ लॅटिनातही आहे आणि तिथून इंग्रजीत आली ग्रॅव्हिटी, वजन खाली ओढणारी. त्यातूनच ग्रीफ, म्हणजे दुःख, कारण दुःखानं मन जड होतं. पण कबरीचा ग्रेव्ह यांचा कुणी नाही हं, तो खणण्यातून आला, नुसता चेहरा सारखा आहे.’ मुली खूश झाल्या होत्या. आपली भाषा इंग्रजीची लांबची का होईना नातेवाईक निघते, याचा त्यांना कोण आनंद! तेव्हा नोई ओरडली होती, ‘ख्रू, थायलंडमध्ये शाळेत जून महिन्यात, आम्ही ख्रूला...’ आणि सुदानं तिला असा चिमटा काढला होता की ती पुढं बोललीच नाही.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली होती. बाईंनी खुर्ची मोकळी करायला शब्दकोश सहज जमिनीवर ठेवला, तर सुदा चटकन उठली, तो उचलला, कपाळाला लावला आणि कपाटाच्या अगदी वरच्या कप्प्यात ठेवून आली. बाई ओशाळल्या होत्या. आपल्याकडेही पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करतात, पण या मुलींचं त्याहून कडक. पुस्तक खाली ठेवायचंच नाही, त्याच्यावर काही ठेवायचं नाही.

“अगं बाई!” सुगंधाबाई मोठ्यानं म्हणाल्या. प्रताप दचकला. “पुस्तक जमिनीवर, आणि त्याच्यावर धुपाटणं?”

आणि त्या चपला फटफटवत सुदाच्या खोलीकडे धावल्या.

४

सुदा बॅग भरत होती. कपड्यांवर मुलाचा फोटो ठेवला होता. बाईंना पाहून ती उभी राहिली. दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीतच बोलल्या, पण एकमेकींचं सगळं कळत होतं.

“ख्रू, सोमवारी तुम्ही एलियन शिकवलं,” सुदा म्हणाली. “आता मी एलियन.”

सोमवारचा धडा बाईंच्या डोळ्यांपुढं आला. नोईनं विचारलं होतं, विमानतळावरच्या कागदावर मला एलियन का म्हणतात, मी काय सिनेमातलं भूत आहे? तेव्हा बाईंनी त्याचंही कुटुंब बोलावलं होतं. लॅटिनातला आलियुस, म्हणजे दुसरा. दुसऱ्या देशाचा तो एलियन. दुसरं नाव ते एलियस. ‘तुमच्याकडे नाही का, प्रत्येकीचं कागदावरचं नाव हातभर लांब आणि घरातलं टोपणनाव एवढंसं? ते तुमचं एलियस.’ आणि तिसरा भाऊ अलिबाय, म्हणजे ‘दुसऱ्या जागी’. ‘तुमच्या भाषेत थी-ऊन. चोरी झाली तेव्हा मी थी-ऊन होते, इथं नव्हतेच, असं सिद्ध झालं की माणूस सुटला.’ एल्स हा त्यांचा इंग्रजीतच वाढलेला चुलतभाऊ. मुलींनी चौघांनाही वहीत एका घरात राहायला लावलं होतं.

“तू एलियन नाहीस, तू माझी विद्यार्थिनी आहेस,” बाई ठणकावून म्हणाल्या. “आता ऐक. फुलं तू घेतलीस?”

सुदा मुलाचा फोटो कपड्यांत गुंडाळायला लागली.

“दूर्वा तू घेतल्यास?”

सुदाची नजर दाराकडे गेली. दाराआड नोई उभी होती. एकटीचं काम नव्हतं तर! सुदा तोंड उघडत नव्हती ती मैत्रिणींची नावं येतील म्हणून.

“बरं, तेही राहू दे. साहेब म्हणतात, तू माझं पुस्तक जमिनीवर ठेवलंस आणि त्याच्यावर धुपाटणं ठेवलंस.”

मघाशी कृष्णकांत भराभर बोलला होता, तेही अर्धं हिंदीत. सुदाला ते समजलंच नव्हतं. आता समजलं आणि तिचा चेहरा पालटला. चोर म्हटल्यावर जी नुसती मान खाली घालून बसली होती, ती ताडकन उसळली.

“नाही! पुस्तक खाली? कधीच नाही! ख्रूचं पुस्तक! पुस्तकावर आग?” तिनं दोन्ही हात डोक्याच्या वर नेले. “पुस्तक इथं! नेहमी इथं!”

“मग आता कुठं आहे पुस्तक?”

सुदाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. “गुरुवार, ख्रू. सांगितलं तर ड्रायव्हरची नोकरी जाईल.”

ड्रायव्हर! बाई जागच्या उडाल्या. “उद्यापण यायचंय हां,” आणि ते मिशीतलं हसू!

तेवढ्यात बाहेर व्हॅन सुरू झाल्याचा आवाज आला.

५

बाईंनी त्या वयात आणि त्या साडीत जी धाव घेतली, ती पाहून मळ्यातला प्रतापसुद्धा हातातलं काम सोडून उभा राहिला. फाटकापाशी कृष्णकांत व्हॅनच्या खिडकीत वाकून सांगत होता, “रुवीला आधी जा, लाँड्री मग. खोका वेळेवर पोचला पाहिजे.”

“थांबाऽऽ!” बाई सरळ गाडीसमोर उभ्या राहिल्या. बदरुद्दीननं करकचून ब्रेक दाबला.

“मॅडम, हे काय?” कृष्णकांत हसला, पण कपाळावर घाम होता. अर्थात तिथं सगळ्यांच्याच कपाळावर होता.

“मला बदरुद्दीनभाईंशी दोन मिनिटं बोलायचंय. घरगुती. तुम्ही जरा आत थांबता का?”

तो नाइलाजानं बाजूला झाला. बाईंनी खिडकीत डोकं घातलं आणि दबक्या आवाजात विचारलं, “माझा शब्दकोश कुठाय?”

बदरुद्दीनचा चेहरा पडला. “बाई, तुम्हाला कुणी सांगितलं? अहो, उद्या द्यायचा होता तुम्हाला, नवा करून! पोरींनी शप्पथ घातली होती!”

“इथं सुदावर चोरीचा आळ आलाय, आज रात्री हाकलतायत तिला! बोला लवकर!”

“या अल्ला! मला कुणी सांगितलंच नाही, तुम्हाला सोडलं तेव्हापासून मी लाँड्रीच्या फेऱ्यांत.” त्यानं स्टिअरिंग सोडून दोन्ही कानांना हात लावले. “काल दुपारच्या फेरीला सुदानं दिला माझ्याकडे, कापडात बांधून. पुठ्ठा निसटला होता ना, सफूरा शिवणकामवाली, पोरी म्हणाल्या, तिला नवी पाठ शिवून द्यायला सांगा. साहेबांखेरीज स्टाफची वस्तू गाडीतनं न्यायची नाही असा मॅडमचा नियम, म्हणून गुपचूप नेला.”

“काल दुपारी? नक्की? संध्याकाळी नाही?”

“दुपारी, बाई! जेवायला गेलो तेव्हा सफूराच्या हातात दिला. तेव्हापासून तो माबेल्यातच आहे.”

सुगंधाबाईंच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की बदरुद्दीन घाबरला.

“गाडीची चावी काढा,” त्या म्हणाल्या, “आणि तो खोका आत घेऊन या. जड असला तरी तुम्हीच उचला. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका.”

“पण साहेबांचा खोका?”

“तुम्ही म्हणालात लुबान आहे. अहो, दुकानातून आणलेल्या लुबानाला असा वास येतो का? कच्चा लुबान लिंबासारखा वास मारतो. तुमच्या गाडीत सकाळी धूर भरलाय असं मला वाटलं होतं. तो जळलेल्या लुबानाचा वास होता!”

६

जोहरची अजान व्हायला थोडाच अवकाश होता. स्वागतकक्षात सगळे जमले. खोका मध्ये ठेवला होता आणि कृष्णकांत रागानं लाल झाला होता.

“हा अपमान आहे, मॅडम! खाजगी सामान आहे माझं!”

“खोका नंतर,” सुगंधाबाई म्हणाल्या. “आधी तुमची साक्ष. काल अजाननंतर तुम्ही नेमकं काय पाहिलंत, पुन्हा एकदा सांगा.”

“सांगितलं ना! ही पाया पडत होती. खाली पुस्तक, त्याच्यावर धुपाटणं, भोवती फुलं.”

“पुस्तक माझंच? खात्री आहे?”

“शंभर टक्के. निळं, फाटक्या पाठीचं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं.”

“दुसरं एखादं असेल.”

“मॅडम, मी काय आंधळा आहे?”

“नाही हो,” बाई म्हणाल्या, “नको तितकी नजर आहे तुम्हाला. माबेल्यातलं बरक्यातून दिसतं.”

आणि त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवून स्पीकर लावला. पलीकडे शिलाई मशीन थांबल्याचा आवाज आला.

“सफूरा, हिंदीत बोल गं, इथं सगळ्यांना कळायला हवं. काल मगरिबला माझा शब्दकोश कुठं होता?”

“हाय अल्ला, बदरूनं सांगितलं वाटतं! या माणसाच्या तोंडात...” सफूरा करवादली. “बाई, काल दुपारपासून माझ्याकडेच आहे. मगरिबला मी त्याची जुनी पाठ काढून पानं चिकटवायला ठेवली होती. वर लाकडी पाट दाबून ठेवणार होते, तर सुदानं आधीच बजावलेलं, पुस्तकावर काही ठेवायचं नाही म्हणून! दोऱ्यानं बांधून ठेवलंय. का, काय झालं?”

कृष्णकांतची नजर खोक्याकडे गेली.

“अलिबाय!” मागून नोई किंचाळली. “ख्रू! पुस्तक थी-ऊन! पुस्तकाचा अलिबाय!”

“शाब्बास! पूर्ण मार्क!” बाईंनाही राहवलं नाही. मग त्या सफियामॅडमकडे वळल्या. “मॅडम, मी शब्दकोश गेल्याचं बोलेपर्यंत यांच्या साक्षीत पुस्तक नव्हतंच. मी बोलले आणि यांनी ते उचलून गोष्टीत घातलं, भाजीत मीठ घालावं तसं. पण बिचाऱ्यांना हे ठाऊक नाही की थाई मुलगी एक वेळ उपाशी राहील, पुस्तक जमिनीवर ठेवणार नाही. त्यावर निखाऱ्याचं भांडं तर सोडूनच द्या. जे पुस्तक तिथं नव्हतं ते यांनी पाहिलं, म्हणजे यांनी काहीच पाहिलं नाही. मग खोटं बोलायची गरज कुणाला पडते? ज्याच्याकडे धुपाटणं आहे त्याला. फुलं गेल्याची बोंब सकाळी झाली आणि यांना आयता बकरा मिळाला.”

“आणि फुलं?” सफियामॅडमनी विचारलं. “ती कशाला?”

“ते सांगते. पण आधी खोका.”

मालकिणीनं नुसती मान हलवली. बदरुद्दीननं दोर कापला. एक ब्लँकेट निघालं, दुसरं निघालं, आणि धुराचा तो वास सगळ्या खोलीत पसरला. तिसऱ्या ब्लँकेटच्या घडीत, टॉवेलात गुंडाळलेलं, चांदीचं धुपाटणं होतं.

कृष्णकांत मटकन खाली बसला. “मी परत आणून ठेवणार होतो...” तो पुटपुटला, पण ते त्याचं त्यालाही पटलं नसावं. तेल गेलं, तूप गेलं, आणि याच्या हाती धुपाटणंही राहिलं नाही.

सफियामॅडमनी आईची वस्तू छातीशी धरली. डोळे भरले होते, पण आवाज तसाच शांत होता. “एका मुलीच्या पोटावर पाय देऊन तू हे नेणार होतास? खलास. आता पोलीस.”

मग त्या सुदाकडे वळल्या. “गुरुवार म्हणजे काय?”

सुदानं बाईंकडे पाहिलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता, तरी सांगताना ती लाजली.

“उद्या गुरुवार. आमच्याकडे वान फरुहत्सबोदी,” ती म्हणाली.

“बृहस्पती!” सुगंधाबाई ओरडल्या. “गुरूचा वार! मॅडम, मी वाचलं होतं कुठंतरी, आत्ता आठवलं. यांच्या देशात शाळा सुरू झाली की जूनमधल्या एका गुरुवारी मुलं शिक्षकाला वंदन करतात. दूर्वा, कारण त्या भराभर पसरतात, तशी विद्या पसरावी. आणि फूल वांग्याचं, कारण...” त्या अडखळल्या. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

“कारण ते खाली वाकतं,” सुदा हळूच म्हणाली. “जे फूल वाकतं त्यालाच फळ धरतं. प्रतापभाईंना विचारणार होतो आम्ही. पण त्यांना सांगितलं की सगळ्या रिसॉर्टला कळतं.”

प्रताप कान खाजवत दुसरीकडे बघायला लागला.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाहुणे उठायच्या आत, वर्गाच्या खोलीत सगळ्या जमल्या. सफूरा शब्दकोश घेऊन आली होती. नवी पाठ, गडद निळ्या कापडाची, कडेला बारीक सोनेरी टाके. सुदानं तो दोन्ही हातांनी घेतला आणि उंच स्टुलावर, पांढऱ्या कापडावर ठेवला. फ्रिजमध्ये ठेवलेली वांग्याची फुलं थोडी मलूल झाली होती, पण जांभळा रंग शाबूत होता. सुईसारख्या कळ्यांचं एक तांबडं फूलही यात लागतं म्हणे, बुद्धी तशी टोकदार व्हावी म्हणून. ते बरक्यात मिळालं नाही. “तेवढी बुद्धी कमी पडणार,” नोई म्हणाली आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या.

दारात सफियामॅडम उभ्या होत्या. हातात धुपाटणं, त्यात नुकताच टाकलेला लुबान. सगळ्या मुली पटकन उठून उभ्या राहिल्या.

मॅडम सरळ सुदापाशी आल्या. सगळ्या स्टाफच्या देखत म्हणाल्या, “मी तुला चोर म्हटलं. मी चुकले. मला माफ कर.” आणि आईचं धुपाटणं त्यांनी सुदाच्या हातात दिलं. “हे इथं चालेल ना? पुस्तकाच्या वर ठेवू नकोस म्हणजे झालं.”

सुदा रडता रडता हसली. तिनं ते स्टुलाच्या बाजूला, पुस्तकापासून लांब ठेवलं. मग एकेक मुलगी गुडघ्यांवर पुढं आली, फुलं आणि दूर्वा बाईंच्या हातात दिल्या आणि जमिनीला कपाळ टेकून नमस्कार केला. त्यांच्या मागे बदरुद्दीनही रुमाल डोळ्यांना लावून उभा होता, आणि सफूरा त्याला कोपरानं ढोसत होती.

सुगंधाबाईंचं नाव त्या मुली ‘सुखोन्ता’ असं घ्यायच्या. सुगंधा हे नाव त्यांच्या देशातही आहे, म्हणून पहिल्या दिवसापासून त्यांनी बाईंना आपलंच मानलं होतं. बाईंना हे आत्ता आठवलं. कॉलेजात इतकी वर्षं शिकवलं, निरोपाचे नारळ घेतले, शाली घेतल्या. पण कुणी बसून, निवडून, कोवळ्या कोवळ्या दूर्वा आणल्या नव्हत्या. एरवी शब्दांची पोतीच्या पोती ओतणाऱ्या बाईंना एक शब्द सुचेना.

सुदानं ते पाहिलं. ती जवळ आली आणि तिनं हळूच विचारलं, “ख्रू, जड झालं?”

“हो गं,” बाई म्हणाल्या, आणि ओंजळीतली फुलं सांडू नयेत म्हणून डोळे तसेच वाहू दिले. “खूप जड झालं.”